एकाला इज, साहेबांना आर

आमच्या यांचं नाव कारभारी. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घेऊ नये असं जुनी माणसं सांगायची, पण माझी पंचाईत वेगळीच झाली. आमच्याकडं नवऱ्यालाच कारभारी म्हणतात. म्हणजे मी नाव घेतलं तरी घेतल्यासारखं होत नाही, आणि नाही घेतलं तरी घेतल्यासारखंच होतं. लग्नात उखाण्याच्या वेळी मी चांगलं यमक जुळवून नाव घेतलं, तर माझीच एक लांबची आत्या म्हणाली, “कारभारी कारभारी काय करून राह्यलीस पोरी, नाव घे ना!” सगळा मांडव हसला आणि मी मुंडावळ्यांच्या आड रडकुंडीला आले. तेव्हापासून मी यांना ‘हे’च म्हणते. त्यात कुणाचा घोटाळा होत नाही.

हे मूळचे तीर्थपुरीचे. आता आम्ही जालन्यात राहतो आणि हे नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात कामाला आहेत. कागदावर ऑफिस असिस्टंट. खरं म्हणजे सकाळी कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, बँकेत जायचं, पाकिटं पोचवायची आणि चहाच्या कपांवर लक्ष ठेवायचं. बारावी झालेले आहेत. इंग्रजीत काठावर सुटले होते आणि त्याबद्दल पेपर तपासणाऱ्या अनोळखी मास्तरांचे आभार ते अजून मानतात.

आभार मानणं, मान देणं हा यांचा आजारच आहे. समोर कुणीही असो, अहो-जाहो. भाजीवाल्याच्या एवढ्याशा पोरीला “मेथी कशी दिली तुम्ही?” म्हणतात. फोनवर राँग नंबर लागला तर समोरच्याची माफी हे मागतात. आमच्या दारात एक पांढरी शेळी आहे, महाद्वाड. यांची गाडी निघायच्या वेळी ती नेमकी फाटकात आडवी बसते. हे तिच्यासमोर वाकून म्हणतात, “सरकता का जरासं? ऑफिसला उशीर होऊन राह्यला.” शेळी ढिम्म. मग मी बाहेर येऊन एकदा ओरडते आणि ती उठते. त्यावर हे मला म्हणतात, “ए, काहून ओरडती त्यांच्यावर?”

ऐकलंत? शेळीला ‘त्यांच्यावर’, आणि मला ‘ए’.

लग्न झाल्यापासून हेच चालू आहे. ए, पाणी आण. ए, ऐकून राह्यली का? ए, माझा डबा कुठंय? यांच्या आदराच्या यादीत शेळी आहे, भाजीवाली आहे, राँग नंबरवाले आहेत, मी तेवढी नाही. बाहेर वाटता वाटता यांचा आदर घरी येईपर्यंत संपत असावा, असं मी म्हणत असे आणि हे कान खाजवत हसत असत. मला त्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, फार यायचा.

आणि ज्यांना हे एवढं अहो-जाहो करतात ते काय करतात? ऑफिसात कालची आलेली पोरं यांना “ए कारभारी, दोन कटिंग” म्हणतात. हे “हो साहेब, आणले” म्हणतात. एकदा मी डबा द्यायला गेले होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं. घरी येऊन मी भांडी आपटली आणि यांना वाटलं, मला गॅसचा त्रास झालाय.

तर गेल्या उन्हाळ्यात कंपनीत क्षेत्र सहायकाची एक जागा निघाली. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना बियाणं समजावून सांगायचं, आणि ऑफिसात बसायला स्वतःचं टेबल, त्यावर नावाची पाटी. कपाशी आणि सोयाबीनमधलं यांना चांगलं कळतं. मॅनेजर साहेब म्हणाले, “जागेला पदवी लागते. पण तुम्ही कॉलेजात प्रवेश घेतला, शिकतोय असा कागद आणला, तरी मी वर बोलतो.” हे घरी आले ते उडतच. त्या पाटीवर नाव पूर्ण लिहितात की नुसतं आडनाव, हेही विचारून आले होते.

कॉलेजात चौकशी केली तर तिथं नवीनच भानगड. पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांची इंग्रजीची प्लेसमेंट टेस्ट. यांनी ‘प्लेसमेंट’ ऐकलं आणि अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं की कॉलेजवाले प्रवेशाबरोबर नोकरीपण देतात. दोन घरचे बाप आपल्या पोरांची कागदपत्रं घेऊन आमच्याकडं आले. शेवटी आमच्या तृप्तीनं उलगडा केला. तृप्ती आमची लेक, जालन्यातच दुसऱ्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे.

“बाबा, नोकरी नाही. कोणाला कोणत्या तुकडीत ठेवायचं ते ठरवायची परीक्षा. व्याकरण येतं का, चुकीची वाक्यं दुरुस्त करता येतात का, ते बघतात. पास झाला तर संध्याकाळची तुकडी. नापास झाला तर आधी वर्षभर पाया वर्ग, तो सकाळी अकराला.”

“अकराला तर मी ऑफिसात असतो.”

“म्हणूनच म्हणते. पास व्हावंच लागेल.”

म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर येऊन ठेपलं. पास झाले तर संध्याकाळचं कॉलेज, कागद, टेबल. नापास झाले तर कटिंग.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर शाळा भरू लागली. हे ऑफिसातून आले की हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून चटईवर बसायचे. समोर खुर्चीवर तृप्ती. शिकवायला लागली की तिलाही अहो-जाहो. “मॅडम, हे समजलं न्हाई.” ती म्हणायची, “बाबा, मला तू म्हणा,” तर म्हणायचे, “आता तुमी शिकवून राह्यल्या ना. मंग?” मी आत पोळ्या लाटत ऐकायची. आपल्या पोटच्या पोरीला मॅडम म्हणतोय हा माणूस, आणि मला बाहेरून हाक आली तर “ए, चहा टाक मॅडमला.”

पहिल्याच धड्याला गाडी अडली.

“एकाला इज, जास्तीला आर,” तृप्ती म्हणाली. “द बॉय इज. द बॉईज आर. समजलं?”

“बराबर.”

“मग लिहा. माझे वडील शेतकरी आहेत.”

यांनी लिहिलं, माय फादर आर फार्मर.

“बाबा, वडील किती?”

“एक.”

“मग एकाला काय?”

“इज. पण वडील हायेत ना ते.”

“हो, पण एकच आहेत ना?”

“एकच हायेत. पण हायेत ना!”

तृप्तीनं कपाळाला हात लावला. पुढचं वाक्य दिलं, साहेब ऑफिसात आहेत. सर आर इन ऑफिस. सरपंच आले आहेत. सरपंच आर कम. मग तिनं युक्ती केली, माणसं सोडली आणि जनावरांवर आली. आमची शेळी पांढरी आहे. यांनी जरा विचार केला आणि लिहिलं, अवर गोट आर व्हाइट. मी लाटणं हातात घेऊन बाहेर आले.

“अहो, शेळीलापण?”

“सवय झाली गं,” हे ओशाळून म्हणाले. “इज लिव्हलं की कोनाला तरी अरे-तुरे केल्यावानी वाटतं. हात उचलत न्हाई.”

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आपल्याकडं एका माणसाचे दोन करतो तेव्हाच तो मोठा होतो. वडील आले, साहेब गेले, पाहुणे जेवले. इंग्रजांना ते माहीतच नाही. तिकडं राजा असो की राजाचा घोडा, सगळे इजच. तृप्तीनं हे समजावलं तेव्हा यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं, इंग्रजांच्या राजाची यांना दया आली असावी.

मोठ्या अक्षरांचा घोळ निराळाच. वाक्याच्या मधोमध मॅनेजर साहेबांसाठी इंग्रजीतला ‘ही’ लिहायची वेळ आली की हे त्याचा एच मोठा काढायचे, आणि स्वतःसाठीचा ‘आय’ मात्र इवलासा, टिंब असलेला. तृप्ती म्हणाली, नेमकं उलटं. आय नेहमी मोठा, ही लहान. यावर हे पहिल्यांदा चिडले.

“म्हंजे स्वतःला मोठं लिव्हायचं आन् सायबाला बारीक? ही काय रीत झाली?”

“रीत नाही बाबा, व्याकरण आहे.”

“आसल. पण लाज वाटती.”

दुरुस्तीच्या धड्याला तर माझं पोट दुखेपर्यंत हसू आलं. तृप्तीनं चुकांनी भरलेला एक उतारा दिला. चुकीच्या शब्दावर काट मारून वर बरोबर शब्द लिहायचा. यांनी पेन्सिलीनं प्रत्येक चुकीच्या शब्दाखाली अगदी हलकी, दिसेल न दिसेल अशी रेघ ओढली.

“काट मारा ना, बाबा.”

“काट मारली तर लिव्हनाऱ्याला काय वाटंल? खाली रेघ हाय, त्यांना समजून जाईन.”

“हा उतारा मी लिहिलाय! मुद्दाम चुका घालून!”

“मंग तुमालाच काय वाटंल?”

एका गोष्टीवर मात्र हे खूश झाले. यू. समोरच्याला ‘यू आर’. तो एक असो, दहा असोत, साहेब असो, पोरगं असो, तोंडावर सगळ्यांना आर. ही बातमी कळली तसे हे उठून फाटकापाशी गेले आणि शेळीला म्हणाले, “यू आर गुड.” परत येऊन बसले आणि काही वेळानं मात्र विचारात पडले.

“म्हंजे तोंडावर आर, आन् मानूस उठून गेला की पाठीमागं इज?”

“हो,” तृप्ती म्हणाली.

“आमच्या ऑफिसावानीच हाय मंग.”

हे ऐकून मी हसले नाही. ऑफिसात काय चालतं ते यांना कळत नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

परीक्षा जवळ आली तरी इज काही येईना. दहा वाक्यांत सात आर. तृप्ती रडवेली झाली. मग मी मध्ये पडले. मी म्हटलं, याला रागच पाहिजे. “अहो, ऑफिसातला तो पोरगा आठवा, जो तुम्हाला ‘ए कारभारी’ म्हणतो. त्याच्यावर लिहा. तो आळशी आहे. तो उद्धट आहे. बघा कसा इज येतो ते.”

यांनी पेन उचललं. बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग पेन खाली ठेवलं.

“न्हाई जमत. तेबी कोनाचं तरी लेकरूच हायेत.”

“हायेत!” मी ओरडले. “हायेत म्हणताय त्याला! तो तुम्हाला ए म्हणतो, अन् तुम्ही त्याला हायेत! जगात एक माणूस शोधून दाखवा ज्याला तुम्ही हाय म्हणता! मी सोडून!”

तृप्ती माझ्याकडं बघायला लागली. हे कान खाजवायला लागले. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी आत गेले आणि गरज नसताना तांदूळ निवडत बसले. एवढ्याशा गोष्टीवरून काय रडायचं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. रोज थोडं थोडं साठलं होतं.

इज आणला तो माझ्या सासूबाईंनी, आणि त्यांना त्याची खबरही नाही. सासूबाई तीर्थपुरीला असतात. त्या रविवारी न सांगता एस.टी.नं आल्या. फाटकातून पिशव्या घेऊन शिरल्या आणि शेळीला चपलेनं बाजूला केलं. हे चटईवरून उठून ओरडले, “माय आली! ए, माय आली बघ!”

तृप्ती खुर्चीतून ताडकन उठली. “बाबा, काय म्हणालात?”

“माय आली.”

“आली? आल्या नाही म्हणालात?”

“मायला आल्या म्हनतेत व्हय?” यांना प्रश्नच कळेना. “माय हाय ती.”

“मग आजीचा मान कमी झाला का?”

“मान काहून कमी होईन? माय म्हंजे...” आणि हे तिथंच थांबले. तोंड तसंच उघडं. सासूबाई पिशव्या घेऊन उभ्या, आणि हे त्यांच्याकडं असे बघतायत की त्याच काहीतरी धडा घेऊन आल्या आहेत.

“माझा पोरगा बरा हाय ना?” सासूबाईंनी मला विचारलं. “असा काय बघून राह्यला?”

“व्याकरण शिकून राह्यले,” मी म्हटलं.

“बाई गं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या संध्याकाळी यांनी एका दमात लिहिलं, माय मदर इज हिअर. मग माय फादर इज फार्मर. तृप्तीनं त्यात राहिलेला ‘अ’ घालून दिला. मग मॅनेजर साहेबही इज झाले, सरपंचही झाले आणि तो ऑफिसातला पोरगाही झाला. “इज म्हंजे समदे मायसारखे,” हे म्हणाले, “जवळचे. असं धरलं की हात चालतो.” दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला तर यांनी “सर इज नॉट हिअर” असं ठणकावून सांगितलं आणि घरी येऊन ते आम्हाला चाल लावून ऐकवलं. साहेब खरं तर तिथंच होते, पण त्यांनीच तसं सांगायला लावलं होतं, म्हणे.

सगळं छान झालं. मी मात्र विचारलंच.

“मग मला जे ए म्हणता, तेपण मायेनंच का?”

“हाव,” हे लगेच म्हणाले. सोपी सुटका मिळाल्यासारखं.

“मायेनं एखाद्या वेळी ए म्हटलं तर कुणाला नको आहे? पण घाई असली की ए, रागावले की ए, पाहुणे बसलेत तरी ए. पाहुण्यांसमोरसुद्धा तुम्हाला माझ्यावर इतकी माया येते?”

हे पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक आधीच काढलेलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तृप्तीचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून सोबत मी गेले. सोबत कशाला, तर हे गाडीवरसुद्धा इज-आर घोकत बसतील याची मला काळजी वाटत होती. कॉलेजात सगळी कोवळी पोरं आणि त्यांच्यात पांढरे कल्ले असलेले हे एकटे. एका पोरानं यांना पर्यवेक्षक समजून प्रश्नपत्रिका मागितली. हे म्हणाले, “माफ करा, मीबी तुमच्यासंगच हाय.”

लेखी झाली. दुपारी तोंडी होती. एकेकाला आत बोलवत होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून आतल्या मॅडमनी मलाही आत कोपऱ्यात बसायला सांगितलं. रुखसार मॅडम, वयानं आमच्या तृप्तीपेक्षा थोड्याच मोठ्या. बोलायला गोड, पण डोळा तिखट.

“लेखी तपासलीय मी,” त्या यांना म्हणाल्या. “काठावर आहात. दुरुस्तीचा उतारा बरा सोडवलाय, पण रेघा इतक्या बारीक का ओढल्या? मला भिंगानं बघावं लागलं. आता तोंडीवर ठरेल. सोपं आहे. या खोलीतल्या एका व्यक्तीची इंग्रजीत ओळख करून द्या. बोलताना चूक झाली तर मी थांबवीन, आणि ती तुम्हीच दुरुस्त करायची. बिलकुल घाई नाही.”

खोलीत मॅडम होत्या आणि मी होते. मला वाटलं, हे मॅडमची ओळख करून देणार. मॅडमना मान द्यायची एवढी आयती संधी हे कशाला सोडतील? पण हे माझ्याकडं वळले. शर्टाची बाही नीट केली, घसा साफ केला.

“शी आर माय वाइफ,” हे म्हणाले. “शी आर शालू.”

मला इंग्रजी येत नाही. दहावीनंतर मी इंग्रजीचं तोंड बघितलं नाही. पण महिनाभर माझ्या ओट्यावर या इज-आरचा जो धुरळा उडाला होता, त्यात मला तेवढं तरी चांगलंच कळत होतं. आर कुणाला लावतात हे मला माहीत होतं. आर साहेबांना, आर सरपंचांना. आणि आर लावलं की परीक्षेत गोळा, हेही माहीत होतं.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “वाक्य पुन्हा बघा. काहीतरी चुकलंय.”

मी यांच्या तोंडाकडं बघितलं. विसरलेल्या माणसाचं तोंड निराळं असतं. हे विसरले नव्हते. ओठ मिटून, माझ्याकडं बघत, शाळेत हट्टाला पेटलेल्या पोरासारखे उभे होते. मॅडमनी पेन हातात घेतलं. त्या कागदावर काय लिहितील ते मला दिसायला लागलं, आणि त्याबरोबर ते टेबल, ती पाटी, ते चहाचे कप, सगळंच. मला राहवेना.

“अहो, इज म्हणा ना इज!” मी कोपऱ्यातून ओरडले. “मला कशाला आर! जल्दी म्हणा!”

मॅडम आधी दचकल्या आणि मग हसू दाबत म्हणाल्या, “ताई, तुम्ही नाही सांगायचं. आता नुसतं इज म्हणून मी सोडणार नाही. यांनी कारणही सांगायचं.” मग यांच्याकडं वळून जरा हळू आवाजात म्हणाल्या, “आमच्या घरी उर्दू बोलतात, तिथंपण हेच. अब्बा आते हैं, अब्बा जाते हैं. मीपण शाळेत अब्बांना आरच लिहिलं होतं आणि छडी खाल्ली होती. मला सगळं समजतंय. पण पेपरात ते चालत नाही. सांगा, इज का?”

यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. रुमालानं कपाळ पुसून हे म्हणाले, “शी इज माय वाइफ.”

“व्हाय इज?”

“बिकॉज...” इथं यांचं इंग्रजी संपलं. मग मराठीत म्हणाले, “एकच हाय मॅडम. मला ती एकच हाय.”

मॅडमनी कागदावर लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, “संध्याकाळची तुकडी. सोमवारपासून या. आणि रेघा जरा ठळक ओढा.”

हे मॅडमना तीन वेळा थँक्यू म्हणाले, शिपायाला म्हणाले, दाराला धडकले तर दारालाही म्हणाले असते. जिना उतरून आम्ही गाडीपाशी आलो. पास झाल्याचा आनंद होताच, पण माझ्या डोक्यात तो आरच फिरत होता. एवढी वर्षं मी जे मागत होते ते या माणसानं मला दिलं, आणि दिलं ते कुठं, तर जिथं दिलं की मार्क जातात तिथं.

“चुकून आलं का हो ते?” मी विचारलं. “आर?”

“न्हाई.”

“मग नापास झाला असतात तर?”

“परके मानूस समोर व्हते,” हे किल्ली शोधत म्हणाले. “परक्यासमोर तरी बराबर बोलावं म्हनलं तुझ्याबद्दल. मराठीत सवय न्हाई, जीभ वळत न्हाई. इंग्रजीत कोनतीच सवय न्हाई ना, मंग जमून गेलं.”

गाडी सुरू झाली. आजूबाजूला परीक्षा दिलेली पोरं, त्यांचे मायबाप, फाटकापाशी ऑटोवाले, सगळी गर्दी. यांनी मागं वळून बघितलं, माझा पदर चाकात जाईल म्हणून तो हातानं बाजूला धरला आणि कानापर्यंत लाल होत म्हणाले, “बसा.”

मला नीट ऐकू आलं होतं.

“काय म्हणालात?”

“बसा म्हनलं.”

“गाडीच्या आवाजात कळलं नाही.”

यांनी गाडी बंद केली. दोन ऑटोवाले आमच्याकडं बघायला लागले. एक बाई आपल्या पोराला घेऊन तिथंच थांबली. हे त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, “बसा हो शालूबाई, बसा!”

मग मी बसले.